कानबाईचा रोट आणि देवपूरचा ढीग

खानदेशात कधी जावं असं कोणी विचारलं की मी श्रावण सांगते. लोक माझ्याकडे जरा बघतात. थंडीत जा, भरीत खा, असं बाकी सगळे सांगतात आणि त्यात चुकीचं काही नाही. पण माझी लक्षात राहिलेली सहल श्रावणातली आहे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, आणि तिच्यातलं बघण्यासारखं ठिकाण म्हणाल तर एक कचऱ्याचा ढीग आहे. लेणी आणि किल्ले हवे असतील त्यांनी इथूनच परत फिरलेलं बरं.

मी तेव्हा नाशिकला एका शाळेत शिकवत होते. जेमतेम वर्षाची नोकरी आणि स्वच्छतेचा मोठा तोरा. धुळ्याहून मामांचं पोस्टकार्ड आलं: कानबाईला या. कानबाई म्हणजे खानदेशातलं घरोघरचं दैवत. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. आईचे गुडघे धरले होते, म्हणून तिने मला पिटाळलं आणि निघताना एकच बजावलं. "रोट त्यांच्या कुळाचा असतो. तू भाची. नजरसुद्धा लावू नकोस." रोट म्हणजे कानबाईच्या नावाने घरातल्या पुरुषमाणसांच्या संख्येप्रमाणे मोजून दळलेलं गव्हाचं पीठ, आणि त्याचा स्वयंपाक. तो भाऊबंदांनीच खायचा. एवढं आईने सांगितलं, आणि नेमकं पुढचं सांगायचं राहून गेलं.

शुक्रवार-शनिवार: जळगाव

सरळ धुळ्याला न जाता मी आधी जळगाव गाठलं, कारण कॉलेजातली मैत्रीण शोभा लग्न होऊन तिथे गेली होती. नाशिकरोडहून भुसावळकडे जाणारी गाडी पकडायची, खिडकी मिळाली तर चाळीसगावपासून पुढे कपाशीचं हिरवं रान बघत बसायचं. पाचोऱ्याला कोणीतरी टोपलीभर केळी घेऊन चढतंच. मी सहा घेतली, चार खाल्ली, दोन शेजारच्या आजोबांना दिली, आणि सालं खिडकीतून बाहेर टाकली. हे आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा नाही वाटली.

शोभाचं घर हायवेच्या पलीकडे, नव्या प्लॉटांच्या वस्तीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिथे ज्वारी होती, असं तिचे सासरे सांगत. आता ओळीने बंगल्या उभ्या होत्या, रस्ते अजून मुरमाचे होते, आणि चौथा प्लॉट मालक पुण्याला असल्यामुळे रिकामा होता. रिकामा म्हणजे सगळ्यांनी मिळून भरलेला. ज्याच्या त्याच्या घरातलं जे नको ते तिथे. संध्याकाळी चहा घेत असताना कोणीतरी तो ढीग पेटवला. त्या दमट उकाड्यात शोभाने भराभर खिडक्या लावल्या, कारण तिच्या सासूबाईंना दम्याचा त्रास होता. बंद खोलीत घाम पुसत आम्ही तिघी बसलो. सासूबाई पदर नाकाला लावून शांतपणे खोकत होत्या.

"रोज असंच?" मी विचारलं.

"पेटवला की संपतो तरी," शोभा म्हणाली. "नाहीतर ठेवायचा कुठे?"

मला सासूबाईंची फार कीव आली, आणि आमच्या नाशिकला असं नाही, हा विचारही आला. आमच्याकडे कचरा कुठे जात होता ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे तो विचार सोपा होता.

जेवायला उडदाची डाळ आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी होती, सोबत मिरचीचा ठेचा. जळगावला गेलात तर हे कोणाच्या तरी घरी खा. घर नसेल तर शेवभाजी कुठेही मिळते, फक्त तिखट कमी घाला म्हणून आधी सांगा. सकाळी निघताना शोभाने केळ्याचे वेफर्स दिले, गुलाबी कॅरीबॅगमध्ये. बाजारातल्या दुकानांत त्या पिशव्या दोन-तीन वर्षांतच आल्या होत्या आणि फुकट मिळत. आईच्या कापडी पिशवीची मला बरेच दिवस लाज वाटत होती. ती मी बॅगेच्या तळाशी घातली आणि गुलाबी पिशवी हातात मिरवत स्टँडवर गेले. रिक्षावाल्याने वाटेतला आणखी एक धुराचा लोट दाखवला आणि म्हणाला, "ताई, असा धूर दिसला की समजायचं, गाव वाढलं."

शनिवार दुपार: देवपूर

जळगाव-धुळे एसटी एरंडोल, पारोळा करत जाते. तेव्हा तीन तास लागत, आता रस्ता रुंद झालाय. कानबाईला घरी जाणाऱ्यांची एवढी गर्दी होती की पारोळ्यापर्यंत मी एका पायावर होते. त्या सणाला जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी धरा.

मामांना सगळे नाना म्हणत आणि मामीला सगळी गल्ली अक्का, म्हणून मीही तेच म्हणे. पांझरा ओलांडली की देवपूर. नानांचं घर तिथलं जुनं, मागे गोठा, दोन बैल. भोवती मात्र शाळा-कॉलेजांमुळे नवी कॉलनी उठली होती, आणि मास्तर, कारकून, प्राध्यापक यांच्या घरांमध्ये तो गोठा एकटाच उरला होता.

"उनी का माय? बस भेटनी ना?" नानांनी बसल्या जागेवरून विचारलं आणि माझ्या हातातल्या गुलाबी पिशवीकडे असं पाहिलं की मला वाटलं वेफर्स आवडत नसावेत.

कारण अक्कांनी सांगितलं. कॉलनीच्या कोपऱ्यावर सगळ्यांचा कचरा पडे. गेली कित्येक वर्षं दर सोमवारी नाना बैलगाडी घेऊन तो ढीग भरून नगावबारीकडच्या शेतात नेत. शेताच्या कडेला उकिरड्याचा खड्डा होता. त्यात सालं, शिळंपाकं, पालापाचोळा, शेण वर्षभर कुजे आणि वैशाखात शेतात पसरलं जाई. कॉलनीची घाण जाई, नानांना खत मिळे, कोणी कोणाचे उपकार मानत नसे. मग पिशव्या आल्या. मागच्या वर्षी खतातून निघालेल्या पिशव्या नांगराखाली गाडल्या गेल्या आणि एका पट्ट्यात बाजरी उगवलीच नाही. त्यात एका बैलाच्या खुरात दाढीचं ब्लेड शिरलं.

"हाई पिशवी सडत नई, माय," नाना म्हणाले. "वर बी तशीच, खाले बी तशीच. मी आते गाडी बंद करी टाकसू. हाऊ सोमवार शेवटला."

आवाजात राग अजिबात नव्हता, आवाज दमलेला होता. मला वाटतं, रागावले असते तर बरं झालं असतं. अक्का मला नंतर चुलीपाशी म्हणाल्या, की गाडी बंद झाली तर ढीग कोणी नदीत लोटेल नाहीतर पेटवेल. धूर थेट गोठ्यात येईल. मग नाना बैलही विकतील, आणि बैल गेले की हा माणूस नुसता ओट्यावर बसून राहील. हे सगळं त्यांनी पुरणाची डाळ निवडता निवडता सांगितलं. मला शोभाच्या सासूबाई आठवल्या.

रविवार: रोट

सकाळपासून नानांचे भाऊ, पुतणे, सुना असं घर भरलं. नारळाची कानबाई सजली, तिला नथ घातली, पाटावर बसवली. खापरावरच्या पुरणपोळ्या, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. वास असा की भाची असल्याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मला वेगळा वरणभात होता. एक पुतण्या मला चिडवत म्हणाला, "लगीन याच घरमा करी लेवानं व्हतं." अक्कांनी त्याच्याकडे डोळे वटारले आणि मला वरणावर तूप जास्त घातलं.

पंगती उठल्या. बायका पुढच्या खोलीत कानबाईची गाणी म्हणायला बसल्या. मागे पत्रावळी, उष्टं, खरकटं तसंच पडलेलं. मी हौसेने कंबर कसली. पत्रावळी एकावर एक रचल्या, उष्टं सगळं गोळा केलं, वेफर्सची गुलाबी पिशवी रिकामी करून तिच्यात भरलं, वर छान गाठ मारली आणि कोपऱ्यावरच्या ढिगावर नेऊन ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. नाशिकची शिकलेली मुलगी. परत येऊन हात धुतले आणि गाण्यांना बसले.

तासाभराने अक्का मागे गेल्या आणि तशाच परत आल्या. "रोटनं उष्टं कोठे ठेवं व तू?"

मी कौतुकाची वाट बघत सांगितलं. गाणं मध्येच थांबलं.

परसात, तुळशीपलीकडे, नानांनी सकाळीच एक खड्डा खणून ठेवला होता. मी तो पाहिला होता, झाडासाठी असेल असं वाटलं होतं. रोटाचा एक कणही उंबऱ्याबाहेर जात नाही, कोणाच्या पायाखाली येत नाही. उरलेलं, सांडलेलं, ज्या पाण्याने हात धुतले ते पाणीसुद्धा त्या खड्ड्यात जातं आणि वर माती लोटतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण हे कोणाला सांगावं लागतं असं त्या घरात कोणाला वाटलंच नव्हतं. आणि मी त्यांच्या कुळाचं अन्न कुत्र्या-डुकरांच्या वाटेवर नेऊन ठेवलं होतं.

अक्कांनी पदर खोचला आणि नवी पैठणी अंगावर असताना त्या ढिगाकडे चालू लागल्या. मी मागे.

ढिगावर गुलाबी पिशव्या किती असाव्यात? मला वाटलं होतं एक. धुळ्याच्या दुकानदारांनीही तोच रंग आणला होता. त्यात सणाचा दिवस, दुपारभर प्रत्येक घरातून भर पडलेली. अक्कांनी पहिली पिशवी उचलली, गाठ सोडली, आत पाहिलं आणि बाजूला ओतली. मग दुसरी. मीही बसले. वास सांगत नाही, तुम्हाला ठाऊक असेल.

समोरच्या घरातून प्राध्यापकांच्या पत्नी बाहेर आल्या. त्या मूळच्या पुण्याच्या, कॉलनीत त्यांना वहिनी म्हणत, आणि नानांच्या गोठ्यातल्या माश्यांवरून त्यांचं आणि अक्कांचं वर्षभर बोलणं बंद होतं. शेजारच्या ओट्यावरून एक बाई ओरडून विचारत होती, "काय धुंडी राह्यन्यात, अक्का?"

"मना रोट शे यामा," अक्का म्हणाल्या. वर बघितलं नाही.

एवढंच पुरलं. ती बाई चपला न घालता आली. तिच्यामागे तिची जाऊ, मग पलीकडच्या दोघी. त्या सगळ्यांच्या घरी कानबाई बसलेली होती, सगळ्यांच्या परसात तसा खड्डा होता. एकीनेही नाक मुरडलं नाही. वहिनींना मात्र काही कळेना, म्हणून मी त्यांना रोट समजावून सांगितला आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. त्या तशाच वळून आत गेल्या. मला वाटलं दार लावून घेतलं. त्या दोन सुपं आणि एक घमेलं घेऊन बाहेर आल्या.

रोट मिळाला की ओळखू यावा म्हणून अक्कांनी रीत लावून दिली. खायचं-प्यायचं जे होतं ते एका बाजूला. काच, ब्लेड, फुटक्या बांगड्या घमेल्यात. पिशव्या तिसरीकडे. मग काय काय निघालं म्हणता. आख्खे वाटाणे, नासलेलं दूध, कोणाची तरी चांदीची जोडवी. एका पिशवीतून अंड्यांची टरफलं निघाली, श्रावणात. सगळ्यांनी ती पाहिली आणि कोणीही कोणाकडे पाहिलं नाही. फक्त एक जाऊ तोंडात पदर कोंबून बराच वेळ हलत होती. वहिनींनी स्वतःची पिशवी ओळखली. त्यात ब्लेडचं पाकीट होतं. त्या ते हातात धरून म्हणाल्या, "अक्का, बैलाला लागलं ते आमचंच असेल हो."

"आसू दे," अक्का म्हणाल्या. "तुमले काय माहीत."

दिवस कलता कलता माझीच गाठ माझ्याच हाती आली. मारलेली जशीच्या तशी. आतला रोट शाबूत होता. अक्कांनी तो दोन्ही हातांनी उचलला, परसात नेला, खड्ड्यात ठेवला आणि माती लोटली. त्यानंतर पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तिथेच रडले.

काच-ब्लेडं भंगारवाल्याला जाणार होती. उरल्या पिशव्या. त्या पुरून चालत नव्हतं, नाना शेतात तेच भोगत होते. पेटवाव्यात तर धूर. टाकाव्यात तर कुठे, आत्ताच तर उपसल्या. सात-आठ बायका हातात पिशव्या घेऊन एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. शेवटी अक्कांनी त्या धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. रात्री वाऱ्याने त्यांची फडफड चालली होती. सकाळी अक्कांनी त्या एका गोणीत कोंबून माळ्यावर टाकल्या.

सोमवार: गाडी

सकाळी कानबाई पांझरेवर गेली. दुपारी नानांनी बैल जुंपले, शेवटची खेप म्हणून. ते रविवारभर भाऊबंदांच्या गराड्यात होते, ढिगाकडे फिरकले नव्हते. आम्ही बायका ओट्यांवर उभ्या होतो. नानांनी गाडी थांबवली, पावडं घेऊन उतरले आणि ढिगात घातलं. पावडं सहज आत गेलं, एकाही पिशवीत अडकलं नाही. दुसऱ्या जागी घातलं. तिथेही गेलं. मग ते वाकले आणि मूठभर हातात घेऊन त्याचा वास घेतला, जसा माणूस धान्याचा घेतो.

"कोनी करं हाई?"

"बायास्नी," अक्का म्हणाल्या.

नानांनी मूठ परत ढिगावर सोडली. "पुढला सोमवारले बी असंच ऱ्हाई का?"

अक्कांनी एकेका ओट्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "घरातलं अन्न रोटासारखं ठेवा. बाकीचं येगळं." हे त्यांनी मुद्दाम शहरी मराठीत सांगितलं, वहिनींना कळावं म्हणून. वहिनींनी सगळ्यांच्या आधी मान हलवली.

नानांनी गाडी भरली. पुढच्या सोमवारी यायचं कबूल केलं, पण एक पिशवी दिसली तरी रिकामी गाडी वळवीन, असं बजावून.

मंगळवार आणि नंतर

मंगळवारी धुळ्याहून मालेगाव, चांदवड करत एसटीने नाशिकला आले. ही चार तासांची वाट तेव्हाही बरी होती, आता तर उत्तम आहे. चांदवडच्या घाटात डावी खिडकी धरा की उजवी, याबद्दल आमच्या घरात अजून वाद आहे. वेफर्स आईच्या कापडी पिशवीतून आणले.

अक्का लिहायला लावून पत्रं पाठवत, त्यातून पुढचं कळत गेलं. नानांनी एकदा खरोखरच रिकामी गाडी वळवली, आणि त्या आठवड्यात वहिनी घरोघर फिरल्या. मग बरीच वर्षं गाडी चालली. गोड शेवट इथेच करता आला असता, पण तो खरा नाही. नाना गेले, बैल विकले गेले, शेतावर प्लॉट पडले. देवपूर आणखी वाढलं, कचरा मोटारीने गावाबाहेर जाऊ लागला, आणि तिथे तो धुमसत असतो असं ऐकते. कुजणाऱ्या डोंगरातून निघणारा वायू आकाश तापवतो, हे मी पुढे शाळेत मुलांना शिकवलं. शिकवताना डोळ्यांसमोर शोभाची बंद खिडकी यायची.

अक्का वारल्या तेव्हा मी दिवसकार्याला गेले होते. माळा उतरवताना ती गोणी निघाली. गोण सडून गेली होती, हात लावला तशी तिची भुकटी झाली. आतल्या पिशव्या धडधाकट होत्या. गुलाबी रंगसुद्धा उडाला नव्हता. नाना म्हणाले होते तशाच, वरही आणि खालीही.

माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली दोन डबे आहेत. त्यातल्या झाकणाच्या डब्याला आमच्या घरात रोटाचा डबा म्हणतात. माझ्या मुलीने कानबाई कधी पाहिलेली नाही, तरी तीही तेच म्हणते, आणि भरला की तो परसातल्या खड्ड्यात रिकामा करून माती लोटते. अक्कांच्या घरचा रोट मला कधीच खाता आला नाही. उष्टं तेवढं माझ्या वाट्याला आलं, आणि ते मला अजून पुरतंय.